काळी तीन

राग्नफ्रिड श्येल्विकच्या पियानोचे सूर
मी एकतीस वर्षं लावले.
तिच्याबद्दल कुणी विचारायला आलं
की मी आधी हवेतल्या दमटपणावर बोलतो.
बरेचसे तिथेच उठून जातात.

हासवेर बेट. बारा घरं, एक प्रार्थनाघर.
फेब्रुवारीपासून मेअखेर लाकडी मांडवांवर
डोकी उडवलेला कॉड मासा वाळत असायचा,
आणि प्रार्थनाघरातल्या पियानोलाही तोच वास.
जहाजातून उतरवताना एकदा
समुद्रात पाय बुडवून आलेला तो पियानो.
मधल्या सप्तकातली काळी तीन मुकी होती.
दाबली की नुसतं लाकूड वाजायचं, ठक्.
बापाने मासे चिरायच्या सुरीने खरवडून पाहिलं,
मग म्हणाला, जो नाही तो गाऊन घे.

तिने घेतला. सहा वर्षांची पोर.
डिसेंबरात सूर्य क्षितिजाखालीच राहायचा,
रॉकेलच्या दिव्यात दोन्ही हात स्तोत्र वाजवायचे
आणि जिथे भोक यायचं तिथे
गळा बूच बसवायचा,
होडीला बसवावं तसं, पटकन.

ऑस्लोत फ्रू एन्गेब्रेत्सेनने
तिच्या दातांत पेन्सिल धरायला लावली.
तीन वर्षं. पेन्सिली किती चावल्या
याचा हिशोब राग्नफ्रिडने ठेवला होता,
मला सांगितला होता, मी विसरलो.
मग पहिली जाहीर मैफल, व्हिएन्ना, एक हिवाळा तोक्योत.
वर्तमानपत्रांनी लिहिलं: थंड, स्वच्छ वादन.
उत्तरेकडून आलेल्या माणसाबद्दल
दुसरं काय लिहिणार.

लग्न एकदा झालं, एका व्हायोलावाल्याशी.
त्याविषयी मला इतकंच ठाऊक
की तो गेल्यावरही त्याची टोपी
पियानोच्या खोलीत खुंटीवर होती.
टोपीवरची धूळ मात्र कुणीतरी झटकत असे.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी बाहेर बसायचो, किल्ली मांडीवर.
एकदा काचेआडून आवाज आला:
थांबा, खोलीत कुणीतरी गुणगुणतंय,
आणि तेही उतरलेलं.
आम्ही पाण्याचे नळ तपासले. खिडक्या तपासल्या.
ती शांतपणे म्हणाली, नळच असेल.
बाविसाव्या खेपेला त्यांनी नाद सोडला.
आजही त्या तबकडीवर ऐकू येतं ते,
कुणी शेजारच्या घरात असल्यासारखं.

उजवी अनामिका वाकेनाशी झाली
तेव्हा ती बहात्तरची होती.
डॉक्टरांवर चिडली नाही. मला फोन केला:
हासवेरला येता का, हत्यारं घेऊन?

मी नवी तार नेली, नवा हातोडा, नमदा,
तीन दिवस खपलो.
सगळं यंत्र बाहेर काढलं,
मुक्या पट्टीखाली माशाचा एक खवला सापडला, काचेसारखा.
पियानो नियमानुसार चढवला, जगातल्या कुठल्याही पियानोइतका.
तिला म्हणालो, बसा.

तिने तेच स्तोत्र घेतलं, नऊ बोटांनी.
त्या जागी पट्टी वाजली, लख्ख वाजली,
आणि त्याच क्षणी तिचा गळाही.
दोन्ही एकमेकांना लागले नाहीत.
ती खाली होती, जवळजवळ अर्ध्या सुराने:
त्या बुडून आलेल्या पियानोचा सूर
तिने सहासष्ट वर्षं तिथेच धरून ठेवलेला.

माझ्या धंद्यात याला बेसूर म्हणतात.
ती हात मांडीवर ठेवून बसली
आणि म्हणाली, छान दुरुस्त झालाय.

परतीची बोट चारला होती.
मी कोट काढून बाकावर टाकला,
झाकण पुन्हा उघडलं,
आणि दोनशेवीस तारा एकेक करून
खाली उतरवायला लागलो, तिच्यापर्यंत.
ती अधूनमधून तो सूर देत होती.
मी विचारायचो, अजून?
ती म्हणायची, थोडा अजून.

बोट चुकली, अर्थातच.
रात्री आम्ही उकडलेले बटाटे खाल्ले.